ऊन आणि लोकर

मुलांनो, उर्दूत ज्याला ‘ऊन’ म्हणतात, त्याला मराठीत ‘लोकर’ म्हणतात. मराठीतले ‘ऊन’ म्हणजे धूप! थंडीत आपल्याला दोन्ही हवीशी वाटतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी शेंदूरजनाघाटला आंबिया बहाराची संत्री पिवळी होऊ लागली, की थंडी जवळ आली असे समजावे. मग दुकानात लोकरीचे नवे गुंडे येतात. पण प्रत्येक गुंडा मेंढीच्या लोकरीचा नसतो. पुष्कळ गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. अ‍ॅक्रिलिकचा धागा कारखान्यात तयार होतो. तो स्वस्त असतो व धुवायला सोपा. पण आगीजवळ वितळून अंगाला चिकटतो. म्हणून असा स्वेटर घालून शेकोटीच्या फार जवळ बसू नका. मेंढीची लोकर अधिक ऊबदार असते. पण गरम पाण्यात आटते.

लोकर घेताना वेष्टनावरचे दोन नंबर पाहा. शेड नंबरावरून रंग कळतो. एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा लॉट नंबर सारखा असतो. पुढच्या वेळी तोच रंग किंचित फिका किंवा गडद होतो. अर्धा स्वेटर विणून लोकर संपली आणि दुकानात नवा लॉट आलेला असला, तर एक बाही वेगळी दिसेल. आईची कितीतरी दिवसांची मेहनत वाया जाईल! म्हणून लागेल तेवढी लोकर एकदमच घ्या आणि स्वेटर पूर्ण होईपर्यंत वेष्टन जपून ठेवा.