लोणारचा असुर आणि सूडाचें नाटक

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर म्हणजे उल्कापातानें काळ्या दगडाच्या पठारांत पडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा. शास्त्रज्ञांनीं त्याचें मोजमाप घेण्याच्या कितीतरी आधीं लोकांनीं मात्र त्याची उपपत्ति लावून ठेविली होती. लवणासुर नांवाचा दैत्य तेथें भुईखालीं दडून राही आणि प्रजेला गांजी. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन असुराच्या बहिणींना मोहित केलें, त्यांच्याकडून बिळाचा ठाव काढला आणि पायाच्या अंगठ्यानें वरचें झांकण उडवून त्याचा वध केला. सरोवराचें पाणी हें त्याचें रक्त, पाण्यांतला खार हें विरघळलेलें मांस. झांकण म्हणे धातेफळनजीक टेकडी होऊन पडलें! गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर ह्याच कथेचें स्मारक.

‘वध’ हा शब्द येथें महत्त्वाचा. असुराचा वध होतो, माणसाचा खून होतो. एलिझाबेथ राणीच्या काळांतील इंग्रजी सूडनाट्य ह्या दोन शब्दांमधील अरुंद जागेंत उभें आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस टॉमस किडनें लिहिलेल्या ‘स्पॅनिश ट्रॅजिडी’चा नायक हिएरोनिमो हा राजाचा न्यायाधिकारी. त्याच्या मुलाचा खून होतो आणि मारेकरी निघतात राजकुळांतले. इतरांना न्याय देणाऱ्या ह्या गृहस्थाला स्वतःसाठीं मात्र तो मिळत नाहीं. शेवटीं तो दरबारांत एक नाटक बसवितो व त्या खेळांतच खऱ्या शस्त्रांनीं सूड उगवितो. हातून वध व्हावा अशी त्याची इच्छा. होतो तो खूनच, आणि त्यांत तो स्वतःही मरतो.

सोंग दोन्हीकडे आहे. पण विष्णूला असुर कोण हें ठाऊक असतें. हिएरोनिमोला मारेकऱ्यांचीं नांवें सांगणारें पत्र हातीं पडतें, तें खरें कीं सांपळा, हाच त्याचा पहिला प्रश्न. हॅम्लेटही पित्याच्या पिशाचाच्या शब्दावर एकदम विसंबत नाहीं. आगरकरांनीं १८८३ सालीं त्या नाटकाला मराठींत ‘विकारविलसित’ हें नांव दिलें. त्यांत सूडाचा उच्चार नाहीं, मनोविकारांचा आहे. ही निवड मोठी मार्मिक होय.

आणि त्या बहिणी? भावाचा ठाव आपल्याच तोंडून गेला, हें कळल्यावर त्यांचें काय झालें, ह्याची पुराणकथेला फिकीर नाहीं. असुर मेला, प्रजा सुटली, कथा संपली. किडसारख्या नाटककारानें नेमकी तेथूनच पहिली घंटा दिली असती.

ह्याच जिल्ह्यांतील सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवरावांना १६२९ च्या जुलैंत देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशहाच्या दरबारांत दगा झाला. बरोबर अचलोजी व रघोजी हे पुत्र आणि नातू यशवंतराव हेही मारले गेले. कन्या जिजाबाईंच्या पोटीं सुमारे सात महिन्यांनीं शिवाजी जन्मले. दरबार, विश्वासघात, एका घरच्या तीन पिढ्यांचें रक्त: किडला ह्याहून अधिक साहित्य लागलें नसतें. पण झांकण उडविणारा देव येथें आला नाहीं आणि दरबारांत नाटक बसविणारा बापही उरला नव्हता. उरलेले जाधव मोगलांना जाऊन मिळाले. थोड्याच वर्षांत त्या निजामशहालाही त्याच्याच वजिरानें, मलिक अंबराच्या मुलानें, संपविलें. मात्र तें जाधवांसाठीं नव्हे, स्वतःच्या सत्तेसाठीं.