‘माय वे’ आणि इटलीतले आपले जवान

सुरतेत कोसाडपासून उधन्यापर्यंतच्या मराठी युद्धपटप्रेमींनो, २०११ चा कोरियन ‘माय वे’ चुकवू नका! कांग जे-ग्यू यांच्या या भव्य चित्रपटात एक कोरियन आणि एक जपानी धावपटू हाडवैरी असतात. जपानी, सोव्हिएत आणि शेवटी जर्मन असे तीन गणवेश अंगावर चढवून दोघे १९४४ मध्ये नॉर्मंडीला पोहोचतात.

असंच काहीसं आपल्याकडेही घडलं.

उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या जवानांमधून नेताजींनी जर्मनीत इंडियन लीजन उभी केली. सुमारे ३,००० जवान, अंगावर जर्मन गणवेश, बाहीवर तिरंगा आणि झेपावणारा वाघ. तिची एक कंपनी १९४४ मध्ये इटलीत होती. त्याच इटलीत, समोरच्या बाजूने मराठा लाइट इन्फन्ट्री लढत होती.

१० जुलै १९४४ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, याच मराठा लाइट इन्फन्ट्रीतले नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सगळे सहकारी ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच चालून गेले आणि हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. मॅगझीन बदलायलाही उसंत नव्हती, म्हणून शेवटच्या दोघा शत्रूसैनिकांना त्यांनी बंदुकीच्याच तडाख्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कोकणात गेलात तर आवर्जून पाहा.