परदेशातली उपकारस्तुती: 'साठी' आणि 'मध्ये' यांतला फरक

पीएचडीसाठी परदेशी निघालेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. घरचे आणि चर्चमधले लोक सांगतात, 'सगळ्याबद्दल देवाचे उपकार मान.' युनिव्हर्सिटीच्या कार्यशाळेत सांगतात, 'ग्रॅटिट्यूड जर्नल लिहा, रोज तीन चांगल्या गोष्टी.' दोन्ही सल्ले सारखेच वाटतात, पण ते सारखे नाहीत. पहिल्या हिवाळ्यात स्टायपेंड अडकलेला असतो, घरून कोणीतरी आजारी असल्याचा फोन आलेला असतो, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून आज याबद्दल लिहितोय. श्रद्धा नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात प्रयोगरचनेचा एक चांगला धडा आहे.

आधी विज्ञानाची बाजू बघू. या विषयावर सर्वांत जास्त उद्धृत होणारा पेपर रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा, 2003 सालचा. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकानं आठवड्यातल्या कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी लिहायच्या, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. हे सुमारे 10 आठवडे चाललं. कृतज्ञतेच्या गटाला आपलं आयुष्य बरं चाललंय असं जास्त वाटलं आणि शारीरिक तक्रारीही कमी आल्या. पुढच्या एका प्रयोगात स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या लोकांनी 21 दिवस अशी नोंद ठेवली. म्हणजे ही फक्त सुखी माणसांची करमणूक नव्हती.

आता इथे थांबा आणि कंट्रोल ग्रुपकडे बघा. एखाद्याला रोज कटकटी लिहायला लावल्या तर त्याचा मूड उतरणारच! मग दिसलेला फरक कृतज्ञतेनं वर नेल्यामुळे आहे की कटकटींनी खाली ओढल्यामुळे? त्याच पेपरच्या दुसऱ्या प्रयोगात तिसरा गट वेगळा होता: आपण इतरांपेक्षा कसे बरे आहोत ते लिहिणाऱ्यांचा. त्या गटाशी तुलना केली की फरक बराच फिका पडतो. क्रेग आणि चीव्हन्स यांनी 2021 मध्ये 27 अभ्यास एकत्र तपासले. नैराश्य आणि चिंता यांवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम त्यांना छोटाच आढळला. तेव्हा परदेशात खरंच नैराश्य आलं असेल तर वहीवर विसंबू नका, कॅम्पसवरच्या समुपदेशकाकडे जा. देवावरचा विश्वास आणि समुपदेशक यांत निवड करायची गरज नसते.

पण मला खरा रस आहे तो पुढच्या मुद्द्यात. जर्नलमधली कृतज्ञता 'कशाबद्दल' एवढंच विचारते. ख्रिस्ती उपकारस्तुती 'कोणाला' हेही विचारते. ग्रीकमध्ये उपकारस्तुतीला 'युखारिस्तिया' म्हणतात, प्रभुभोजनाला 'युखरिस्त' हे नाव त्यावरूनच पडलं. मोडलेल्या भाकरीवर उपकार मानायचे, हे त्या विधीच्या गाभ्यातच आहे. देणारा समोर धरला की काय होतं, हेही थोडंफार तपासलं गेलंय. 2009 मध्ये लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना चार आठवडे रोज प्रार्थना करायला सांगितली, तेव्हा त्यांच्यातली कृतज्ञता वाढलेली दिसली. हे सहभागी आपली कृतज्ञता स्वतःच प्रश्नावलीवर मोजत होते, हे मात्र वाचताना विसरू नका.

आता कठीण भाग. पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व परिस्थितीत उपकार मानायला सांगितलंय. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'एन' हे अव्यय आहे, म्हणजे 'मध्ये'. व्हिसा नाकारला गेला 'यासाठी' धन्यवाद, असं तिथे म्हटलेलं नाही, नाकारला गेला असताना 'त्या अवस्थेत' धन्यवाद, असं आहे. इफिसकरांच्या पत्रात 'सर्वांबद्दल' असा शब्दप्रयोग येतो, त्यामुळे वाद संपत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझा कल 'मध्ये'कडे आहे. कारण बायबलमध्येच स्तोत्रसंहितेचा मोठा भाग विलापाचा आहे. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीचं वळणसुद्धा नाही. ज्या परंपरेनं हे स्तोत्र गाळलं नाही, तिला तुमच्याकडून खोटं हसू नको असणार.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. 1883 मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांच्या दोषामुळे ती वाट बंद झाली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आश्रय, शिक्षण, चेल्टनहॅमच्या कॉलेजातली जागा हे सगळं त्यांना त्या मंडळींमुळे मिळालं आणि त्याची त्यांना जाणीव होती. तरीही त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं चर्चमधल्या वरिष्ठांनी म्हटलं तेव्हा त्या गप्प बसल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 मध्ये पुस्तकरूपानं आला आहे. मिळेल तेव्हा वाचा. त्यात माया आणि मतभेद एकाच पानावर सापडतात. उपकार मानणं म्हणजे उपकारकर्त्याचा प्रत्येक हुकूम मानणं नव्हे, हे त्या पत्रांइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. सुपरवायझर शनिवार-रविवारीही राबवून घेत असेल, तर 'संधी दिली म्हणून आभारी राहा' हे उत्तर होऊ शकत नाही. आभारही माना आणि तक्रारही करा.

प्रत्यक्षात करायचं कसं? मी वहीचं पान मधून दुमडतो. डावीकडे मिळालेलं, शक्यतो देणाऱ्या माणसाच्या नावासह: शेजारच्या लॅबमधल्या मुलानं दिलेली जुनी सायकल, चर्चमधल्या आजींचं सूप. उजवीकडे दुखतंय ते, काहीही न सजवता. मग दोन्ही बाजू प्रार्थनेत वाचतो. रोज नाही, आठवड्यातून एकदा, रविवारी. रोज लिहायला लागलं की चौथ्या दिवशी 'कॉफी, ऊन, इंटरनेट' असं यांत्रिक होतं, निदान माझं तरी होतं. दर महिन्याला डावीकडच्या एका माणसाला चार ओळींचा मेसेज पाठवतो.

या विषयावर कोणाला संशोधन करायचं असेल, तर ही उजवी बाजू जवळजवळ मोकळं रान आहे. कृतज्ञता मोजणारी जीक्यू-6 ही प्रश्नावली सहा वाक्यांची आहे आणि त्यात विलापाला जागाच नाही. विलाप आणि उपकार एकत्र लिहिणारा गट, फक्त उपकार लिहिणारा गट आणि तटस्थ नोंदी करणारा गट, अशी रचना करता येईल. सहभागी म्हणून घरापासून दूर शिकणारे विद्यार्थी घ्या. तुलना कोणाशी करायची, हे मात्र डेटा गोळा करायच्या आधी ठरवा.