घरापर्यंतच्या गाडीवाटेचा पाया

गावच्या रस्त्यापासून घराच्या किंवा गोठ्याच्या दारापर्यंत जाणारी गाडीवाट लांबीने थोडी असली तरी शेतकऱ्याचा सर्व व्यवहार तिच्यावरून चालतो. खते, बियाणे, कडबा आणि धान्य यांची ने-आण तिच्यावरूनच होते. ऐन पावसाळ्यात ही वाट चिखलात रुतली तर दूध वेळेवर निघत नाही आणि आजारी माणसाला नेण्यासाठी आलेले वाहन दारापर्यंत पोहोचत नाही. काळ्या जमिनीच्या गावांतून हा अनुभव दरवर्षी येतो. त्यावर मृगापूर्वी दोन-चार ट्रॉल्या मुरूम पसरण्याचा उपाय केला जातो. परंतु श्रावण येईपर्यंत तो मुरूम चिखलात दिसेनासा होतो. दोष मुरुमाचा नसून वाटेला पाया नसल्याचा आहे.

काळ्या मातीचा स्वभाव

काळ्या मातीतील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात या जमिनीला रुंद भेगा पडतात. कोरडी असताना हीच माती दगडासारखी कठीण भासते, पण भिजताच तिची भार सोसण्याची शक्ती अत्यंत कमी होते. इंग्लंडमध्ये १८१६ साली ब्रिस्टल येथील रस्त्यांची देखरेख हाती घेणाऱ्या जॉन मॅकअ‍ॅडम याने प्रतिपादिले होते की, रस्त्याचा भार शेवटी खालची मातीच उचलते. म्हणून ती कोरडी राखणे हेच रस्ता बांधणाऱ्याचे मुख्य काम होय. काळ्या जमिनीत हे तत्त्व विशेष लक्षात ठेवावे.

जाडीचे महत्त्व

चाकाचा दाब खाली जाताना पसरत जातो. ढोबळ हिशेबाने, चाक २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या जागेवर टेकले आणि खाली १० सेंटिमीटर दाबलेला मुरूम असला तर तो भार मातीवर ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या जागेत वाटला जातो. थर ३० सेंटिमीटर असल्यास ती जागा ८० सेंटिमीटर लांबी-रुंदीची होते. म्हणजे थराची जाडी तिप्पट केल्याने मातीवरील दाब एक चतुर्थांशावर येतो. पातळ थर वारंवार टाकून चिखलात घालविण्यापेक्षा पुरेसा थर एकदाच नीट दाबणे काटकसरीचे ठरते.

कामाची रीत

प्रथम ३ मीटर रुंदीची वाट आखून तिच्यावरील गवत, मुळ्या आणि भुसभुशीत माती काढून टाकावी. ही माती बांधावर किंवा शेतात उपयोगी पडते. वाटेच्या भरावात ती घालू नये. मात्र खोल खड्डा खणून त्यात मुरूम भरण्याची चूक टाळावी. काळ्या मातीतून पाणी सहज निचरत नसल्याने असा खड्डा पाण्याचा हौदच होतो आणि पाया आतून भिजत राहतो. वाट लगतच्या जमिनीपेक्षा उंच असावी. दोन्ही बाजूंस चर काढावेत. चरांचा तळ मुरुमाच्या तळापेक्षा खाली असावा आणि त्यांतील पाणी ओघळीपर्यंत वाहून जावे.

तळाची माती किंचित ओलावून धुम्मसाने अगर रोलरने दाबावी. तिच्यावर सुमारे १० सेंटिमीटर वाळूचा किंवा बारीक, चिकटपणा नसलेल्या मुरुमाचा थर द्यावा. या थरामुळे खालचा चिखल वर चढून खडीत मिसळत नाही. त्यानंतर कठीण मुरूम दोन थरांत टाकावा. प्रत्येक थर सैल असता २० सेंटिमीटर असावा व दाबल्यावर १५ सेंटिमीटर राहावा. दोन्ही थर एकदम टाकून वरून दाबल्यास तळ सैलच राहतो.

मुरूम घेण्यापूर्वी मूठभर घेऊन पाण्यात भिजवावा. त्याचा चिखल झाल्यास तो घेऊ नये. दाबतेवेळी ओल इतकीच असावी की मुठीत आवळलेल्या मुरुमाचा गोळा व्हावा, पण तळहाताला पाणी लागू नये. भरलेली गाडी फिरविल्यावर चाकोरी उमटत नसेल तर थर बसला असे समजावे. शेवटी खडीचा सुमारे ७.५ सेंटिमीटर थर पसरून तो कोरडाच दाबावा. मग फटींत बारीक मुरूम भरून पाणी मारावे व पुन्हा दाबावे.

वाटेचा मध्य कडांपेक्षा ६ सेंटिमीटर उंच ठेवावा. ३ मीटर रुंदीस हा उतार २५ स १ असा पडतो व पाणी वाटेवर न थांबता चरांत उतरते.

३० मीटर लांबीच्या वाटेस दोन थरांसाठी सैल मुरूम सुमारे १३ ब्रास लागतो. मुरूम दुरून आणावा लागत असल्यास तळाच्या मातीत तिच्या कोरड्या वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळून ती दाबावी. चुन्यामुळे मातीचा फुगण्याचा दोष कमी होतो. चुना हाताळताना डोळे व हात जपावेत.

वर काँक्रीट करावयाचे असले तरी पाया टाळता येत नाही. खालची माती फुगली वा खचली की काँक्रीटलाही तडे जातात.

निगा

मुरूम दाबण्यास पाणी लागते आणि उन्हाळ्यात ते दुर्मिळ होते. म्हणून हे काम पौष ते फाल्गुन या महिन्यांत उरकणे इष्ट होय. दरवर्षी पावसापूर्वी चर साफ करावेत. गोठ्याचे व मोरीचे पाणी वाटेकडे येऊ देऊ नये. खळगा पडल्यास त्यातील चिखल काढून मगच मुरूम भरावा व दाबावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या शेतकऱ्याच्या दारी अशी वाट सर्वांसमक्ष करून दाखवावी आणि एक पावसाळा गेल्यावर तीच वाट गावकऱ्यांना पुन्हा दाखवावी. पाया डोळ्यांना दिसत नाही, परंतु भर पावसात दारापर्यंत आलेली भरली गाडी त्याची खात्री पटवून देते.