गाडीतला गारवा आणि सासूबाईंची रामनवमी

चैत्र लागला की आमच्या घरी जांब समर्थला जायचे बेत ठरू लागतात. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मस्थान. त्यांचा जन्म १६०८ सालचा, तोही रामनवमीचा. पण रामजन्म दुपारी बाराला आणि ऊन मराठवाड्याचं! अंबडला मत्स्योदरीचं दर्शन घेऊन पुढं निघावं, तोवर गाडीचा पत्रा तव्यासारखा तापलेला असतो.

आमची व्हॅन जुनी, ओम्नी. तुमच्यापैकी कित्येकींकडे ती असेल. १९८४ साली आलेली ही गाडी २०१९ पर्यंत निघत होती. इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे वरून ऊन अन् खालून धग. दोन वर्षांमागं वाटेतच एसीनं मान टाकली आणि सासूबाईंना भोवळ आली. लिंबाच्या सावलीत त्यांना निजवलं, ओल्या पंचानं अंग पुसलं, शुद्ध नीट आल्यावर साखर-मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. रामजन्म चुकला. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, माझ्यामुळं तुमचा खोळंबा झाला.’’ ते मला फार लागलं. चूक त्यांची नव्हती, आमच्या हयगयीची होती.

मैत्रिणींनो, ‘गाडीचं पुरुषांनी बघावं’ म्हणून आपण मोकळ्या होतो. पण जिला माठ कळतो, तिला एसी कळायला काय हरकत आहे? माठातून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. एसीच्या कूलिंग कॉइलमध्ये पातळ झालेला गॅस असाच उडतो आणि गाडीतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून कंडेन्सरच्या जाळीत ढकलतो. तिथं तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा पातळ होतो. फरक एवढाच, की माठातलं पाणी संपतं. एसीतला गॅस त्याच नळ्यांतून फिरत राहतो.

म्हणूनच ‘‘गॅस संपला, भरून घ्या’’ असं कुणी म्हटलं तर विचारा, ‘‘गेला कुठं?’’ आम्ही लागोपाठ दोन उन्हाळे नुसता गॅस भरत राहिलो. त्या रामनवमीनंतर मी स्वतः गॅरेजमध्ये उभी राहिले, तेव्हा नळीच्या जोडाशी तेलकट, धूळ धरलेला डाग दिसला. गॅसबरोबर तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी असा डाग पडतो. तिथली रबरी रिंग बदलली अन् रोग गेला. गॅस भरण्याआधी पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढली पाहिजे. याला वेळ लागतो; घाई करू नका. फार जुन्या गाडीत आर-१२ गॅस असे. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. पुढच्या गाड्यांत आर-१३४ए आला. दोन्हींची तेलं निराळी असतात, तेव्हा सरमिसळ नको. आपल्या गाडीत कोणता गॅस आहे ते वहीत लिहूनच ठेवा.

आता घरच्या घरी करण्याजोग्या गोष्टी:

थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवावा. तेल फिरतं, कॉम्प्रेसरचं सील सुकत नाही.

कंडेन्सरच्या जाळीत धूळ, किडे अडकतात. गाडी थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेनं धुवावी. जोराच्या फवाऱ्यानं पाती वाकतात.

गाडीखाली पाणी ठिबकलं तर घाबरू नका, ते चांगलंच लक्षण. तेच पाणी पायाखालच्या मॅटवर आलं, तर निचऱ्याची नळी तुंबली समजा.

कुबट वास येत असेल, तर मुक्काम जवळ आला की एसी बंद करून पंखा दोन-चार मिनिटं चालू ठेवा. आतली ओल सुकते.

उन्हात उभ्या गाडीत बसल्याबसल्या एसी लावू नये. आधी काचा उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. मग काचा लावून आतलीच हवा फिरवावी.

इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला, तर आधी एसी बंद करून गाडी सावलीत थांबवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका.

आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. ‘पटकन नारळ घेऊन येते’ म्हणून लेकराला बंद गाडीत एक मिनिटसुद्धा सोडू नका, एसी चालू असला तरीही. इंजिन बंद पडलं, तर गाडीची भट्टी व्हायला वेळ लागत नाही. बंद गॅरेजात एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसणंही जिवावरचं. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

गेल्या वर्षी आम्ही फाल्गुनातच गाडी दाखवून घेतली आणि पहाटे निघालो. पाण्याची कळशी, ओला पंचा सोबत होताच, पण लागला नाही. बारा वाजता सासूबाई पाळण्याजवळ उभ्या होत्या. परतताना म्हणाल्या, ‘‘सूनबाई, पुढच्या वर्षीही येऊ हं!’’

तेव्हा उन्हाळा डोक्यावर येण्याआधी एकदा गॅरेजात जाऊन याच. अन् हो, गॅस गेला कुठं, हे विचारायला विसरू नका!