शर्यत संपली की रिप्ले फाइल जपा!

ऑनलाइन रेसिंग लीग खेळणाऱ्यांनो, असेट्टो कोर्सामधला रिप्ले हा व्हिडिओ नसतो. 2014 साली पूर्ण स्वरूपात आलेला इटलीच्या कुनोसचा हा सिम्युलेटर प्रत्येक गाडीची जागा, दिशा, वेग अशी माहिती फाइलमध्ये टिपतो आणि पाहताना शर्यत नव्याने चितारतो. म्हणून तर कॅमेरा कुठल्याही गाडीवर नेता येतो, दुसऱ्याच्या कॉकपिटमध्ये बसता येतं. मोन्झाच्या पहिल्या शिकेनला आपल्यापेक्षा जलद असलेला खेळाडू ब्रेक नेमका कुठे दाबतो, हे शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

फाइल उघडणाऱ्याकडे मात्र तोच ट्रॅक आणि त्याच गाड्या हव्यात. मॉड वापरत असाल तर आवृत्तीही जुळलेली बरी.

आता सर्वांत महत्त्वाचं. टक्कर झाली की दोघांच्याही फाइल मागा! तुमच्या संगणकावर इतरांच्या गाड्या इंटरनेटवरून थोड्या उशिराने पोचलेल्या माहितीवरून दिसतात. मधल्या क्षणांचा अंदाज सिम्युलेटर बांधतो. त्यामुळे एकाच्या रिप्लेत धक्का स्पष्ट दिसतो आणि दुसऱ्याच्या रिप्लेत दोन गाड्यांमध्ये चक्क फट असते. दोघंही खरंच बोलत असतात. एकच फाइल पाहून दंड देणं मला अन्यायाचं वाटतं.

सेटिंगमध्ये रिप्लेच्या आकाराची मर्यादा वाढवून ठेवा, नाहीतर लांब शर्यत पूर्ण मावत नाही. सर्व्हर सोडण्याआधी सेव्ह करा. फाइलच्या नावात तारीख, ट्रॅक आणि आपलं नाव घाला, आणि पाठवताना घटनेचा लॅप नंबर नक्की लिहा.