लेकरांच्या चालीने: छात्राध्यापिकेचे वर्गातले पहिले आठवडे



आदिवासी मुलींच्या अध्यापक प्रशिक्षणासाठी आपण जी मदत पाठवता, तिचा हिशेब आपल्याला दरवर्षी मिळतो. फी इतकी, पुस्तके इतकी, वसतिगृहाचे जेवण इतके. तरी मंडळीतली माणसे भेटली की विचारतात, "ताई, ती मुलगी शिक्षिका होते म्हणजे नेमके काय होते?" प्रश्न रास्त आहे. परीक्षा पास झाली की प्रमाणपत्र मिळते. पण चाळीस मुलांसमोर उभे राहण्याची ताकद वर्गातल्या पहिल्या काही आठवड्यांत येते. काही मुलींच्या बाबतीत ती तिथेच खचतेसुद्धा. त्या आठवड्यांत काय घडते, ते या लेखात सांगते.

आधी थोडी माहिती. प्राथमिक शिक्षक होण्यासाठी बारावीनंतर डी.एल.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागतो. जुनी माणसे अजून त्याला डी.एड.च म्हणतात. अध्यापक विद्यालयात मुली आधी सूक्ष्म पाठ घेतात. हा साधारण ६ मिनिटांचा पाठ असतो आणि त्यात एकाच कौशल्याचा सराव होतो: प्रश्न विचारणे, फळ्यावर लिहिणे किंवा उदाहरण देणे. विद्यार्थी म्हणून समोर वर्गमैत्रिणीच बसतात. पाठ झाला की चर्चा होते, टाचण दुरुस्त होते आणि तोच पाठ पुन्हा घेतला जातो. त्यानंतर येते आंतरवासिता, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवणे. तिथे तासिका ३५ मिनिटांची आणि मुले खरीखुरी. विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलीने एकदम नदीत उतरावे, तसे हे असते.

शिकवणे हेसुद्धा शिकावे लागते, ही गोष्ट पुण्याला नवी नाही. सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. त्यांना लिहिणे-वाचणे जोतीरावांनी शिकवले होते. पण तेवढ्यावर भागले नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा. आज ज्यांना आपण देशातल्या पहिल्या शिक्षिकांमध्ये मानतो, त्या आधी छात्राध्यापिका होत्या, हे आमच्या मुलींना मी आवर्जून सांगते.

यंदा आमच्या वसतिगृहातली एक मुलगी पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गावर गेली. ती आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरातली, महादेव कोळी समाजातली. तिच्या परवानगीने, नाव न देता, तिचे अनुभव इथे देत आहे. रोज संध्याकाळी भाकऱ्या करताना ती दिवसाचा पाठ सांगायची आणि मी तिची टाचणवही समोर घेऊन ऐकायचे.

पहिला आठवडा: तास लवकर संपतो

पहिल्या दिवशी हातच्याची बेरीज शिकवायची होती. टाचण ३५ मिनिटांचे होते, पण पाठ १५ मिनिटांतच संपला. उरलेल्या वेळात काय करायचे ते सुचेना आणि वर्ग हातातून गेला. जवळजवळ प्रत्येक नवीन शिक्षिकेचे असे होते. भीतीने बोलण्याचा वेग वाढतो. प्रश्न विचारला आणि वर्ग क्षणभर गप्प राहिला, की ती शांतता सहन होत नाही. मग उत्तर तीच देऊन टाकते आणि पुढे जाते.

या क्षणभराच्या शांततेचा अभ्यास अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी केला. त्यांना दिसले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तोच थांबा ३ सेकंदांपर्यंत नेला, तर उत्तरे लांबतात, जास्त मुले बोलू लागतात आणि "येत नाही" म्हणून गप्प बसणारी कमी होतात.

आपल्या कामात या ३ सेकंदांचे मोल फार आहे. वाडीवरच्या मुलाला मोठ्या माणसांपुढे चटकन बोलायची सवय नसते. शाळेतली मराठी आणि घरची बोली यांत अंतर असले, तर त्याला प्रश्न आधी मनात आपल्या बोलीत आणावा लागतो, मग उत्तर शाळेच्या भाषेत न्यावे लागते. शिक्षिका थांबली नाही, तर ते मूल "मठ्ठ" ठरते. आमची मुलगी म्हणाली, "ताई, मला पण असंच म्हणायचे. उत्तर यायचं, पण तोवर बाई पुढे गेलेल्या असायच्या." दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारला की ती मनात एक, दोन, तीन मोजू लागली. तिच्या वर्गातही काही घरांत कन्नड, काहींत हिंदी बोलतात. आठवड्याच्या शेवटी दोन गप्प बसणाऱ्या मुलांनी हात वर केला.

दुसरा आठवडा: गोंगाट कुठून येतो

तास आता पुरू लागला, पण गोंगाट वाढला. शाळेतल्या कोणीतरी सल्ला दिला, "टेबलावर छडी ठेव, मारू नकोस, नुसती दिसू दे." शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. नुसती दिसणारी छडीसुद्धा भीतीच शिकवते. शिवाय छडीमुळे गोंगाटाचे कारण शोधायचे राहून जाते.

म्हणून आम्ही टाचणवहीत एक जास्तीचा रकाना आखला. गोंगाट नेमका केव्हा झाला, ते त्यात लिहायचे. चार दिवसांत चित्र स्पष्ट झाले. ती शिकवत असताना वर्ग बऱ्यापैकी शांत असे. आवाज होई तो वह्या वाटताना, ती पाठ फिरवून फळ्यावर लांबलचक गणिते लिहिताना, आणि गणिताचे पुस्तक मिटून दुसरे काढताना. मुले रिकामी राहिली, की बोलायला लागत.

जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वर्गातल्या शिस्तीवर पुस्तक लिहिले. अनेक वर्गांचे निरीक्षण करून त्याने सांगितले की शांत वर्ग आणि गोंधळाचा वर्ग यांत रागावण्याच्या पद्धतीमुळे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो शिक्षकाचे सगळीकडे लक्ष आहे का, आणि एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग न अडखळता जातो का, यामुळे.

मग साधे बदल केले. गणिते मधल्या सुट्टीतच फळ्यावर लिहून ठेवायची. प्रत्येक रांगेतला एक मुलगा किंवा मुलगी वह्या वाटेल, आणि ही पाळी रोज बदलेल. वह्या हातात येईपर्यंत करायला एक तोंडी गणित द्यायचे. सूचना एका वेळी एकच द्यायची. लक्ष वेधायला ओरडायचे नाही. तिने टाळीचा ठेका धरायचा आणि मुलांनी तोच ठेका परत द्यायचा.

याच आठवड्यात एक गमतीचा प्रसंग घडला. दशकाचे गठ्ठे करण्यासाठी तिने गावाहून आणलेले हिरडे वर्गात नेले. तिच्या भागात हिरडा गोळा करणे हा अनेक घरांचा आधार आहे. शहरातल्या मुलांनी तो कधी पाहिलेला नव्हता. कोणी वास घेतला, एकाने चावून पाहिला आणि तुरट तोंड केले. १० मिनिटे गणित बाजूलाच राहिले. मार्गदर्शक शिक्षिका रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नवी वस्तू आणलीस ना, मग ती बघायला टाचणातच ५ मिनिटे ठेव. कुतूहल संपल्याशिवाय बेरीज सुरू करू नको." पुढच्या पाठात तिने तसे केले. मुलांनी हिरड्याची झाडे, तिचे गाव, सगळे विचारून घेतले आणि मग दहा-दहाचे ढीग मुकाट्याने लावले.

तिसरा आठवडा: एका वर्गात अनेक चाली

तिसऱ्या आठवड्यात नवी अडचण समोर आली. पाच-सहा मुलांचे काम लगेच होई, आठ-दहा मुले पहिल्याच गणितावर अडलेली असत. पुढच्यांच्या वेगाने गेले तर मागची सुटतात. मागच्यांसाठी सगळ्यांना थांबवले तर पुढची दंगा करतात. उपाय असा की पाठ एकच ठेवायचा, पण काम तीन पायऱ्यांचे द्यायचे: काड्या मोजून करायची गणिते, नुसती मांडून करायची, आणि स्वतः गणित तयार करून शेजाऱ्याला घालायचे. शिक्षिकेने पहिल्या पायरीवरच्या मुलांजवळ बसायचे.

उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात याकोब आणि एसाव यांची भेट आहे. एसाव बरोबर चालायला सांगतो. याकोब नम्रपणे म्हणतो की लेकरे कोवळी आहेत, दुभती जनावरे आहेत, त्यांच्या चालीने मी सावकाश येईन. हा प्रसंग मी वसतिगृहात सांगितला तेव्हा आमच्या मुलींना तो लगेच समजला, कारण गुरांमागे चालणे त्यांना माहीत आहे. याकोब थांबला नाही. त्याला कुठे पोहोचायचे ते ठाऊक होते. त्याने फक्त वेग लेकरांचा घेतला.

वाडीवरच्या शाळेत

पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन उद्या ही मुलगी डोंगरातल्या एखाद्या शाळेत गेली, तर बहुधा ती द्विशिक्षकी शाळा असेल: पहिली ते चौथी, आणि शिक्षक दोन. एका वर्गाला लिहायला देऊन दुसऱ्याला शिकवायचे, हे तिथे रोजचेच. पुण्यात शिकलेल्या या साध्या सवयी तिथे जास्त लागतील.

आदिवासी मुलांच्या बाबतीत वेगाचा प्रश्न तासिकेपुरता नसतो. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडला गेले. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलांच्या दिवसाची चाल ओळखून त्यांनी शाळेची चाल ठरवली.

आपण काय करू शकता

आर्थिक मदत हवीच आहे. त्याबरोबर आणखी एक विनंती आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये अनेक निवृत्त शिक्षक आणि शिक्षिका आहेत. आंतरवासितेच्या काळात आठवड्यातून एक संध्याकाळ वसतिगृहात या. मुलीचा उद्याचा पाठ ऐका. एकच चांगली गोष्ट आणि एकच सुधारण्याजोगी गोष्ट सांगा. दहा चुका एकदम ऐकल्या, की नवीन शिक्षिका घाबरते आणि दुसऱ्या दिवशी आणखी भरभर बोलते. शब्बाथशाळा घेणाऱ्या तरुणांनीही यावे. प्रश्न विचारून ३ सेकंद थांबणे त्यांनाही उपयोगी पडेल.

या मुलीची आंतरवासिता अजून चालू आहे. पुढच्या आठवड्यापासून तिला भाषेचा तास मिळणार आहे. तिच्यासाठी आणि तिच्या वर्गातल्या चाळीस लेकरांसाठी प्रार्थना करा.